सोमदत्तेचं माप

१

सकाळचा चहा झाला की मी दोऱ्यांवरून हात फिरवतो. दहिसरला नदीच्या अंगाला आमची चाळ, त्यामुळे भिंतीला ओल कायमची. सुताला बुरशी धरू नये म्हणून हा हात.

आतल्या खोलीत माझा कपडेपट आहे, म्हणजे नाटकांना भाड्याने द्यायचे कपडे. नऊ पेटारे आहेत. त्यांच्या वर भिंतीला लाकडी पट्टी, पट्टीला खिळे, आणि खिळ्याखिळ्याला एकेक दोरा. शाळा मला दुसरीपर्यंतचीच. टेपवरचे आकडे मला कधी जमले नाहीत आणि आता शहात्तराव्या वर्षी जमायची गरजही नाही. मी माप दोऱ्याने घेतो. दोऱ्याचं टोक नटाच्या डाव्या खांद्यावर धरायचं, उजव्या खांद्यापाशी पहिली गाठ. मग छाती, कंबर, हात आणि शेवटी खांद्यापासून टाचेपर्यंत उंची. पाच गाठींत माणूस येतो.

हे मला धोंडूमास्तरांनी शिकवलं, हा कपडेपट आधी त्यांचा होता. त्यांनी आणखी एक शिकवलं होतं. शेवटचा प्रयोग झाला की नटाच्या गाठी सोडायच्या, मगच तो दोरा दुसऱ्याला. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. केरसुणीला पाय लावू नये, तसं ते.

साठ वर्षांत मी हजारांनी गाठी सोडल्या असतील. सगळ्यात शेवटच्या खिळ्याला मात्र एक दोरा होता, त्याच्या मी कधी सोडल्या नव्हत्या.

२

माझी नात सई माझ्याकडे राहते. आई-बाप नाशकात, हिची नोकरी अंधेरीत विम्याच्या ऑफिसात. नोकरी पोटासाठी, नाटक जिवासाठी, असं तीच म्हणते. आजवर दासी, शेजारीण, गर्दीतली तिसरी, अशाच भूमिका मिळाल्या. या वर्षी पहिल्यांदा मोठं काम आलं.

दिग्दर्शिका घरी आली कपड्यांचं बोलायला. संघमित्रा तिचं नाव. घाटकोपरची मुलगी, जुन्या इतिहासात शिकलेली, आवाज खणखणीत. पेटाऱ्यावरच बसली आणि म्हणाली, "काका, हा ऑपेरा आहे बरं का. एक वाक्य बोलायचं नाही. सगळं गाऊन."

"भांडण पण?"

"भांडण पण."

"मग आमची संगीत नाटकं काय वेगळी होती गं?"

सई हसली. "आबा, तुमच्यात मध्ये मध्ये बोलायचे तरी. आमच्यात श्वास घ्यायला पण सवड नाही."

मी खडू शोधत होतो. संघमित्रा कपडे सांगत होती. व्यापाऱ्यांना पागोटी, भिक्खूंना चीवर, आणि सईला साधं जाडंभरडं वस्त्र, दागिने अजिबात नकोत. "सोमदत्तेला दागिना नाही शोभणार," असं ती म्हणाली.

खडू माझ्या हातात होता. मी तो शोधतच राहिलो.

"काय नाव म्हणालीस?"

"सोमदत्ता. का हो काका?"

मी म्हटलं, या नावाची बाई मी दोनदा नटवली आहे. अठरा वर्षांचा होतो तेव्हा गिरणी कामगारांच्या एका संगीत नाटकात. ती राणीची सखी होती, विष पिऊन मरायची. काम करायचा माणिक नावाचा पोरगा, बाईचं काम अस्सं करायचा की बायका बघत राहायच्या. मग अडतीस वर्षांपूर्वी ऑफिसांच्या नाट्यस्पर्धेत, गद्य नाटक. तिथे ती प्रधानाची मुलगी होती, बापाविरुद्ध उभी राहणारी. ते काम केलं टेलिफोन खात्यातल्या शकुने.

संघमित्रा पेटाऱ्यावर पुढे सरकली. "मला दोन्ही नाटकं माहीत नाहीत. मी नाव इथल्या डोंगरावरच्या बौद्ध लेण्यांतून घेतलं. लेण्यात पाण्याचं टाकं आहे ना, त्याच्या वर खोदलेलं आहे. दोन हजार वर्षांचं. तिथे दान देणारी प्रत्येक बाई कोणाची तरी कोणी आहे. अमक्याची बायको, तमक्याची आई. हिचं नुसतं नाव. सोमदत्ता, बस्स. मला तेच आवडलं. कोणाचीच नाही!"

"म्हणजे तीन नाटकं, तीन गोष्टी, आणि बाई एकच?" सई म्हणाली. "झकास. मी चौथी."

मी पुटपुटलो, तिसरी. डोंगरावरची धरली तर चौथी.

३

सईचं माप मी नव्या कोऱ्या दोऱ्याने घेतलं. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं उतरता आहे. सात वर्षांची असताना जिन्यावरून पडली होती, हाड जरा वाकडं बसलं. थंडीत दुखतं. तिचे सगळे कपडे मी त्या बेताने शिवतो, डावीकडे आत कापडाची घडी घालून, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही.

चोळी शिवली, घातली, बसली. अशी बसली की सईने गोल गिरकी घेतली आणि पेटाऱ्यावर आपटली.

दोन आठवड्यांनी तालमीहून आली ती म्हणाली, "आबा, डावीकडे काहीतरी टोचतंय."

बघितलं तर आतली घडी वर आली होती. खांदा खाली असला की घडी दबून राहते. इथे घडीला दबायला जागाच नव्हती.

मी म्हटलं, धुण्यात कापड आटलं. पण कापड धुतलंच नव्हतं. मग म्हटलं, माझी बोटं म्हातारी झाली, टाका चुकला असेल. उसवून पाहिलं, टाका बरोबर होता. मग तिला उभं केलं आणि तिचाच दोरा तिच्या खांद्यांवर धरला.

गाठ अर्धं बोट अलीकडे राहिली. कंबरेची गाठ पलीकडे गेली. उंचीची गाठ टाचेच्या वर लटकत होती.

सत्ताविसाव्या वर्षी कोण वाढतं?

"जिम लावलंय ना मी," सई आरशात बघत म्हणाली. "ट्रेनर म्हणाला, तुझं पोश्चर सुधारतंय. बघ ना, खांदा दुखायचा पण थांबला."

तिचा खांदा दुखत नाही, याचा मला आनंद व्हायला हवा होता.

४

ती ऑफिसला गेल्यावर मी शेवटच्या खिळ्यापाशी गेलो. हा दोरा माणिकचा. त्याच्या नाटकाचा शेवटचा प्रयोग कधी झालाच नाही. पुढची तारीख ठरली होती आणि मध्येच मंडळ मोडलं. शेवट झाला नाही म्हणून धोंडूमास्तरांनी गाठी सोडल्या नाहीत. पुढे ते वारले आणि पेटाऱ्यांबरोबर तो दोरा माझ्याकडे आला. माणिकचं म्हणाल तर, मंडळ मोडल्यावर तो घरी गेला आणि त्याच्या आईने दार उघडून पुन्हा लावून घेतलं. "हा माझा नव्हे," म्हणाली. लोक म्हणाले, बाईचं काम करतो म्हणून रागावली. मीही तेच धरून चाललो.

आता माझी चूक सांगतो. शकुच्या वेळी त्या आठवड्यात चार नाटकांचे कपडे होते. कोणाकोणाची मापं घेऊ? सोमदत्तेचा दोरा तयार होता. म्हटलं, भूमिका तीच, चोळी याच दोऱ्याने कापू, कमी-जास्त नंतर बघू. कपडेपटवाल्याने हे कधी करू नये. माप माणसाचं घ्यायचं, भूमिकेचं नाही. शकुला ती चोळी पहिल्या दिवशी ढगळ झाली. प्रयोगाच्या दिवशी अंगासरशी बसली. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. सगळ्यांना सांगत सुटलो, राजारामचा अंदाज बघा.

संध्याकाळी सई आली. चहा ठेवला आणि ती पाठमोरी उभी असताना मी माणिकचा दोरा तिच्या खांद्यांवर धरला. तिला वाटलं, आबा धागा काढतोय.

गाठ खांद्याच्या टोकावर आली. मी हळूच हात खाली नेला. कंबर. मग हात.

उंची मी मोजली नाही. मोजवेना.

५

शकुचा पत्ता जुन्या मंडळींकडून मिळाला. मुलुंडला नवी उंच इमारत, सातवा मजला. दार तिच्या धाकट्या बहिणीने उघडलं, माधुरीबाईंनी. त्या बँकेतून रिटायर झालेल्या, बोलायला मोकळ्या.

"बसा हो राजाभाऊ. ताई गॅलरीत आहे. हाक मारून उपयोग नाही. चार-चार वेळा 'शकु, शकु' करावं लागतं तेव्हा कुठे मान वळते. डॉक्टर म्हणतात, कान चांगले आहेत. लग्नही असंच मोडलं तिचं. नवरा म्हणाला, ही माझ्याशी बोलते पण मला दुसऱ्याच घरातली वाटते. मूर्ख माणूस! पण मी तरी काय सांगणार होते त्याला?"

गॅलरीत बाई पाठमोरी बसली होती. केस पांढरे, विरळ. पण मी साठ वर्षं पाठी बघतोय. मानेखाली ती पाठ सत्तरीची नव्हती. ताठ, सरळ, दोन्ही खांदे एका पातळीत. त्या खांद्यांना दोरा लावायची गरजच नव्हती.

"शकु," मी म्हटलं.

खालून गाड्यांचा आवाज येत होता. बाई हलली नाही.

मला दुसरं नाव घ्यायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं घ्यायचं. पण सईचा विचार मनात होता आणि ओठ हलले. आवाज निघाला की नाही, तेही मला आठवत नाही.

बाई तत्काळ वळली. चेहरा म्हातारा, सुरकुतलेला, आणि डोळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी कोणीतरी उशिरा आलेला सेवक आहे.

"आलास?" ती म्हणाली. "वस्त्र आण."

माधुरीबाई कपबशा घेऊन मागे उभ्या होत्या. "बघा, असं काहीतरी बोलते मधूनच," त्या म्हणाल्या.

६

रविवारी सकाळी संघमित्राने सगळ्या चमूला डोंगरावर नेलं. टाक्यापाशी बसून शेवटचं गाणं म्हणायचं, असं तिच्या मनात. मीही गेलो. वाटेत दोनदा बसलो, पण गेलो.

टाकं कातळात खोल, पाणी काळं. वर अक्षरं, मला न कळणारी. शेजारी भिंतीत एक बाई कोरलेली उभी, पाठीमागे हात जाईल इतकी सुटी. पावसापाण्याने चेहरा पार झिजून सपाट झालेला, नाक नाही, डोळे नाहीत. अंग मात्र शाबूत.

पोरं गायला लागली. बारा जणांचा आवाज त्या गुहेत घुमायचा आणि जरा उशिरा परत यायचा. गाण्यात ते नाव सात वेळा येतं. मी मोजलं. परत येणाऱ्या आवाजात ते आठ वेळा आलं. मी स्वतःला म्हटलं, राजाराम, तुला मोजता कुठे येतं.

सगळ्यांची पाठ माझ्याकडे होती. मी खिशातून माणिकचा दोरा काढला आणि दगडाच्या डाव्या खांद्यावर टोक धरलं.

पाचही गाठी जुळल्या.

डोकं चालवलं. कारागिरांची मापं ठरलेली असतात. सात तालांची मूर्ती, आठ तालांची मूर्ती, ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी. धोंडूमास्तरांनीही कुठेतरी तेच ठरलेलं माप घेतलं असेल. असेल ना? पण माणिकचं माप घेताना मी तिथे उभा होतो. खडू माझ्या हातात होता.

"सई," मी हाक मारली, "चल, पाणी पी."

ती पाच हातांवर उभी होती. टाक्याकडे तोंड करून, दगडासारखी सरळ.

"सई!"

संघमित्राने वळून पाहिलं. बाकीच्या पोरांनीही पाहिलं. सईने पाहिलं नाही. मी जाऊन तिचा हात धरला. हात गार होता, पाण्यात बराच वेळ ठेवल्यासारखा. मग ती हळूच माझ्याकडे वळली आणि डोळे बारीक करून बघू लागली, आपण पाहुण्याचं नाव आठवतो तसं.

"हां, आबा," ती शेवटी म्हणाली. "कधी आलास?"

७

त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. माणिक, शकु, माझी चूक, दगड. ऐकता ऐकता ती भाजी निवडत होती.

"काम सोड," मी म्हटलं.

"नाही."

"सई, मी हात जोडतो."

"हात खाली घे आधी." तिने भाजी बाजूला ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज करारी होता. "मला कळत नाही असं वाटतं तुला? परवा ऑफिसात सर नाव घेऊन ओरडत होते आणि मी विचार करत बसले, कोणाला बोलवतायत हे. बाथरूममध्ये जाऊन रडले. घाबरलेय मी, आबा. पण सहा वर्षं मी ट्रे घेऊन स्टेजवर येते आणि ट्रे घेऊन जाते. हे माझं पहिलं काम आहे. मेहनत माझी, गळा माझा. कोणीतरी दोन हजार वर्षांची बाई येणार आणि मी घाबरून उठून जागा देणार? ट्रेनमध्ये तिघींच्या बाकावर चौथी सीट पण देत नाही मी कोणाला."

मला हसू आलं. रडूही आलं.

"तू काय ते कर तुझ्या दोऱ्याचं," ती म्हणाली. "मी गाणार."

दुसऱ्या दिवशी दुपारभर सुईच्या टोकाने मी माणिकच्या दोऱ्याच्या गाठी सोडल्या. साठ वर्षांच्या गाठी, दगड झालेल्या. पाचही सुटल्या. दोरा सरळ करून उजेडात धरला. गाठी गेल्या होत्या, पण दोऱ्यावर पाच ठिकाणी वळ होते. पाण्यात भिजवला, इस्त्री फिरवली. वळ गेले नाहीत.

सईत काही फरक पडला नाही. मी रोज तिच्या नावाच्या हाका मोजायचो. सोमवारी दोन लागल्या, बुधवारी तीन.

दोऱ्याने काही होणार नव्हतं. मग मला जे येतं तेवढंच मी केलं. तिची चोळी नव्या अंगाला जुळवून द्या, असं संघमित्रा म्हणत होती. मी जुळवून दिली नाही. तिच्या खऱ्या मापाचीच ठेवली, डावीकडच्या घडीसकट, आणि शिवण दुहेरी मारली.

"काका, टोचेल तिला," संघमित्रा म्हणाली.

"टोचू दे," मी म्हटलं. आयुष्यात नटाला टोचेल असा कपडा मी पहिल्यांदा दिला.

८

पहिला प्रयोग बोरिवलीला, दुपारी चारचा. नाट्यगृह अर्धं भरलेलं. मी नेहमीसारखा विंगेत, कॉलरला सुई खोचलेली, खांद्यावर टॉवेल.

पडदा उघडायच्या आधी मी कपडे मोजतो. बारा गाणारे, तेरावी सई. तेरा जणांना कपडे दिले होते.

सईच्या प्रवेशाला अवकाश होता. ती माझ्या शेजारी उभी. मी नाव घेतलं. एकदा, दोनदा, पाचदा. ती समोर बघत होती. तिथे नजर गेली म्हणून मीही पाहिलं.

समोरच्या विंगेत, गुंडाळून ठेवलेल्या पडद्याच्या आडोशाला कोणीतरी उभं होतं. सईच्याच उंचीचं, तसंच सरळ. मला वाटलं आरसा. तिथे आरसा नव्हता. वाटलं, गाणाऱ्यांतली कोणी. बाराही जण रंगमंचावर गात होते, मी पुन्हा मोजले. आणि जी उभी होती तिच्या अंगावर माझा कपडा नव्हता. खरं सांगायचं तर अंगावर काय होतं ते मला दिसलं नाही, तोंडही दिसलं नाही. खांदे दिसले. मला नेहमी खांदेच दिसतात.

सईने एक पाऊल पुढे टाकलं. तिकडेही एक पाऊल पडलं.

गाण्यात नाव येऊ लागलं.

मी मागच्या पडद्यामागून निघालो. तिथे दोन्ही विंगांना जोडणारी चिंचोळी वाट असते, अंधारी, वायरींनी भरलेली. गुडघा कुरकुरत होता. वाटेच्या मध्यावर ओल्या कातळाचा वास आला आणि मला कळलं की आता समोरच्या विंगेपर्यंत जायची गरज नाही. ती अर्ध्या वाटेवर आली होती. माझ्याकडे नाही, सईकडे निघाली होती. मी वाटेत होतो, इतकंच.

मी म्हटलं, "बाई, तुझ्यासाठी कपडा नाही माझ्याकडे."

पडद्यापलीकडे पोरं गात होती.

"दोनदा दिला, चुकून दिला. आता शिवणार नाही. तुला दुसऱ्या कोणाच्या अंगाचा करून देणार नाही. मी कपडेपटवाला आहे, माझ्या हातून गेल्याशिवाय इथे कोणी रंगमंचावर जात नाही."

मी पाठ फिरवली. धीट होतो म्हणून नाही. समोर बघवत नव्हतं. पण जागा सोडली नाही. वाट माझ्या रुंदीचीच होती.

आधी डाव्या खांद्याच्या टोकावर काहीतरी टेकलं. मग पाठीवरून एक गार, बारीक रेघ आडवी गेली आणि उजव्या खांद्याच्या टोकावर थांबली. मग काखेतून छातीभोवती. मग कंबरेभोवती. मग डाव्या हातावरून मनगटापर्यंत. सावकाश, कुठे घाई नाही. मी साठ वर्षं ज्या क्रमाने घेतो, त्याच क्रमाने.

कोणीतरी माझं माप घेत होतं.

पळालो असतो तर वाट मोकळी झाली असती. मी वायरीचा खांब दोन्ही हातांनी धरला.

"घे," मी म्हटलं. "नीट घे. पाठीला पोक आहे, ते धर. डावा गुडघा वाकत नाही. उजव्या हाताचं एक बोट मशीनमध्ये गेलेलं, अर्धं आहे. बसतेस का यात? बस बघू."

रेघ खांद्यापासून टाचेकडे उतरू लागली. पोकापाशी अडली. पुन्हा वर गेली, पुन्हा उतरली, पुन्हा अडली.

आणि पडद्यापलीकडून सई गायला लागली. पहिला सूर जरा कापला. मग सापडला. तो आवाज मला ओळखायला वेळ लागला नाही. न्हाणीघरात रोज सकाळी तोच असतो.

९

प्रयोग संपल्यावर सई धावत आली. मेकअप ओघळलेला.

"आबा, काय शिवलंयस हे! खांदा मोडून आला माझा. केवढं दुखतंय!"

मी तिच्याकडे बघत राहिलो. डावा खांदा दोन बोटं खाली होता.

"सई," मी हळूच म्हटलं.

"काय?" ती खेकसली. एकाच हाकेला. "बाम आहे का बाम?"

याला दीड महिना झाला. सहा प्रयोग झाले. दर प्रयोगाला मी त्या वाटेत उभा राहतो, आणि दर प्रयोगाला माप घेतलं जातं. सईला आता पहिल्याच हाकेला ऐकू येतं. ती मला उलट उत्तरं देते, भांडी आदळते, चोळी टोचते म्हणून शिव्या घालते. चांगलं चाललंय.

माझा सदरा मात्र खांद्यांत आवळू लागलाय. चाळीतले म्हणतात, "राजाभाऊ, ताठ चालायला लागलात की!" गुडघा दुखत नाही. परवा दूधवाल्याने तीनदा हाक मारली म्हणे.

काल सईने मला धरून बसवलं. "तू उद्या यायचं नाहीस. मी संघमित्राला सांगते, बंद करू."

"हाऊसफुल्ल चाललंय आणि बंद कसं करायचं?"

"आबा, मस्करी नको. मी तुझी पाठ बघितलीय."

"पाठ माझी आहे," मी म्हटलं. "मी चालवीन ती."

ती रडली, ओरडली, पुन्हा रडली. मग माझ्याबरोबर डाळभात जेवली.

आज सकाळी उठलो तेव्हा पाठ ताठ होती, सळईसारखी. मी जुना सदरा काढला, पोकाच्या मापाने शिवलेला. अंग आत जाईना. मी भिंतीला हात लावून वाकलो, आणखी वाकलो, कण्यात कळ आली तरी वाकलो, आणि आत शिरलो. पाठीची शिवण एका जागी टरकली. सईने सुई ओवली. सदरा अंगावर असतानाच तिने तिथे दुहेरी टीप घातली.

चारचा प्रयोग आहे, मुलुंडला. आम्ही दोघं निघालोय.